तुझ्या बदकांवरचे फुलकिडे

दादा, आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास. मी टिपण पाठवणार म्हणत होते, तू पाठवू नकोस म्हणत होतास, आणि का नको ते सांगत नव्हतास. लहानपणी असं झालं की मी रडत आईकडे जायचे आणि ती दोघांनाही ओरडायची. या वेळी आईकडे जायची सोय नव्हती. तिला सांगायचं तर आधी तू काय करायचास ते सांगावं लागलं असतं, आणि ते तूच तिच्यापासून इतकं जपून लपवलं होतंस.

ती रोज फोन करायची. मिरजेत तिचा चहा झाला की इथे मी उठायच्या आत फोन वाजायचा, आणि ती एकच गोष्ट विचारायची: "नंदूच्या तोंडात पाणी कुणी घातलं का गं? तुळशीचं पान?" मी म्हणायचे, आई, मी पोहोचले तेव्हा त्याला झाकून ठेवलेलं होतं. ती बरं म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची, जणू रात्रीतून उत्तर बदललं असेल. तू तळ्यावर फिरायला गेला होतास आणि चालता चालता पडलास, एवढंच तिला माहीत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, परक्या मुलखात घोटभर पाण्याविना गेलं माझं पोर. मी तिला म्हटलं, अंत्यविधीच्या आधी मी ठेवू का पान? तर म्हणाली, "आता काय उपयोग? जाताना द्यायचं असतं ते."

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझ्याबद्दल फार छान लिहून आलं. मनमिळाऊ, हुशार, निसर्गप्रेमी. निसर्गप्रेमी वाचून मला इतक्या दुःखातही हसू फुटलं. गणपतीला तू ते हिरवं जाकीट घालून यायचास, आणि कुणी विचारलं की पक्षी बघायला जातो म्हणायचास. खोटं नव्हतं ते. तू पक्षी बघायचासच. बघून झाल्यावर काय करायचास ते फक्त मला आणि तुझ्या घरमालकाला, वाल्टरला, ठाऊक होतं.

आपल्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही कधी. मोरीत झुरळ निघालं की तू सुपलीत घेऊन त्याला अंगणात सोडायचास आणि आजी तुला हसायची. असा तू बंदूक घेशील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. सगळं माझ्यामुळे झालं. माझ्यामुळे म्हणजे उवांमुळे.

पाणपक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या उवांवर मी पीएचडी करते, हे सांगितलं की लोक नकळत डोकं खाजवतात. तू खाजवलं नाहीस. तू विचारलंस, बदकाला उवा झाल्या तर ते काय करतं? मी सांगितलं की चोचीनं वेचून काढतं, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. म्हणून डोक्यावरच्या उवा जाड्या आणि आळशी असतात, पंखांवरच्या लांबट आणि पळपुट्या. त्यावर तू म्हणालास, "म्हणजे माझ्या डोक्यावर बसलेली तू." त्या दिवसापासून मी ऊबाई झाले. तुझ्या फोनमध्येही माझं नाव तेच आहे. हॉस्पिटलमधल्या बाईंनी मला विचारलं, ही ऊबाई कोण, आणि मला मी असं म्हणावं लागलं.

तर ऊबाईचं रडगाणं असं होतं की शिकारी लोक बदकं देतात, पण सगळी एकाच पिशवीत कोंबून, गार झालेली. पक्षी गार पडायला लागला की त्याच्यावरचे किडे बिऱ्हाड हलवतात. याची ऊ त्याच्यावर, त्याची खाली पिशवीत. मग कुठली ऊ कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पक्षी हातात आल्याबरोबर, ऊन ऊन असतानाच, एकेकाला वेगळ्या पिशवीत बांधायला हवं. हे मी प्रत्येक शिकाऱ्याला हात जोडून सांगायचे, ते मान हलवायचे, आणि पुन्हा एकच पिशवी यायची. मी शनिवारी स्टुटगार्टहून गाडी पकडून नेकारसुल्मला तुझ्याकडे यायचे आणि तुझ्या स्वयंपाकघरात बसून या लोकांना शिव्या द्यायचे. तू पोळ्या लाटत ऐकायचास. एके दिवशी तू म्हणालास की मी याग्डशाइनच्या वर्गाला नाव घातलंय. मला वाटलं चेष्टा आहे.

इथे शिकारीच्या त्या परवान्याच्या परीक्षेला लोक गमतीनं हिरवी बारावी म्हणतात. तू अख्खा हिवाळा गावातल्या एका खाणावळीच्या मागच्या खोलीत शेतकऱ्यांच्या शेजारी बसून सशांचे रोग, हरणांचे दात आणि कायद्याची कलमं पाठ केलीस. नेमबाजीत एकदा नापास झालास आणि पुन्हा बसलास. तू हे का करतोयस, असं मी किती वेळा विचारलं. दर वेळी इथल्यांसारखं ‘तर मग’नं सुरू होणारं एकच उत्तर: "आल्झो, शनिवारी नेकारसुल्ममध्ये माणसानं करायचं काय?" माझ्यासाठी करतोस का, असं थेट विचारायची मला लाज वाटली. तू हो म्हणाला असतास तर मला ते पेलवलं नसतं, आणि नाही म्हणाला असतास तर राग आला असता. आता उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणून मी हो धरून चालते. चालेल ना?

वाल्टर तुझ्या वरच्या मजल्यावर राहतो. सत्तरी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सोबतीला आस्ता नावाची तपकिरी कुत्री. नेकार नदीच्या जुन्या फाट्याजवळच्या तळ्यावर शिकारीचा हक्क त्याचा. तुम्ही दोघं पहाटे निघायचात, फार बोलायचा नाहीत. तुझी बदकं मात्र दृष्ट लागावी अशी यायची. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तुझ्या त्या शाळामास्तरी अक्षरात जागा आणि वेळ. आमच्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, तुझ्या भावासारखे आणखी चार मिळाले तर माझी म्हातारपणाची चिंता मिटेल. मी हे तुला सांगितलं, तेव्हा तू दोन दिवस मिशांतल्या मिशांत हसत होतास.

आणि मग ते फुलकिडे आले.

मी बदकाचं डोकं वेगळं धुते, चोच उघडून आतूनही, आणि ते पाणी गाळून भिंगाखाली बघते. तिथे उवांच्या जोडीला मला पिवळट, काडीसारखे बारके किडे दिसले, पंखांना झालर असलेले. फुलकिडे. आपल्याकडे कांद्यावर, मिरचीवर पडतात आणि शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणतात, तेच. तळ्याच्या कडेला बर्फ धरलेलं, आणि मिरचीवरचा किडा बदकाच्या डोक्यात! मला आधी वाटलं माझंच भांडं खराब असेल. पण पुढच्या आठवड्यातही निघाले, त्याच्या पुढच्याही. बाकी शिकाऱ्यांच्या बदकांत एकही नाही. फक्त तुझ्या.

मी हरखून गेले होते दादा. वाटलं, हे पक्षी उडताना वनस्पतींवरचे किडे घेऊन फिरतात हे कुणी पाहिलंच नसेल. बाई म्हणाल्या, लॅबच्या खिडकीतल्या झाडांवरचे असतील. मी सगळ्या खिडक्यांत चिकट पिवळे कागद लावले. काही नाही. मग तुझ्याकडे आले आणि सगळं तुझ्यापुढे मांडलं, कारण घोडं कुठे पेंड खातं हे शोधायचा पगारच तू घेत होतास. तुझ्या मोटार कारखान्यात गाडीच्या रंगात बारीक खड्डे पडत होते, तेव्हा तूच माग काढत काढत ते कुणाच्या तरी अंगाला मारलेल्या डिओडरंटपर्यंत नेऊन पोहोचवलं होतंस. तोच तू मला म्हणालास, "असेल गं कुणाचं तरी झाड खिडकीत."

मी लव्हाळी तपासली. तुझं जाकीट झटकून बघितलं, गाडीची डिकी पुसून बघितली. शेवटी आस्ताला पांढऱ्या चादरीवर उभी करून तिच्या केसांतून कंगवा फिरवला, आणि तू तिचा पट्टा धरून शेजारी उभा होतास. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ताकास तूर लागू दिली नाहीस. वाल्टर दारातून बघत होता आणि सारखा खोकत होता. मला वाटलं त्याला सर्दी झालीय.

शेवटच्या वेळी आलं घातलेला चहा पीत आपण भांडलो. मी टिपण लिहून काढलं होतं. तू ते दोनदा वाचलंस आणि म्हणालास, "ऊबाई, हे पाठवू नकोस. अजून एक हिवाळा बघ." मी म्हटलं, तुला उवांमधलं काय कळतंय? "उवांमधलं नाही कळत. पण हे पाठवू नकोस." का, तर असंच. डिओडरंट शोधून काढणारा माणूस मला असंच म्हणतो! मी वैतागून ओव्हरकोट चढवला. नाताळानंतर पाठवणार म्हणजे पाठवणार असं सांगून स्टेशनवर गेले. तू खाली सोडायला आलास. गाडी सुटताना तू काचेवर टिचकी मारलीस, आणि मी फुगलेली असूनही हात हलवला. ते एक बरं झालं.

पुढच्या शनिवारी वाल्टरचा फोन आला. तो माझ्याशी नेहमी सावकाश बोलतो, मला कळावं म्हणून. त्या दिवशी इतकं सावकाश बोलला की पहिल्या वाक्यातच मला सगळं कळलं. तू तळ्याकाठी खाली बसलास आणि आडवा झालास. हृदय बंद पडलं. तुझं हृदय, ज्याची कधी कुणी काळजीच केली नाही. गाडीत माझ्यासमोर एक बाई विणत बसली होती आणि मी हॉस्पिटलचं गाव, हाइलब्रॉन, येईपर्यंत तिच्या सुयांकडे बघत होते. हॉस्पिटलच्या बोळात वाल्टर उभा होता, हातात टोपी, गुडघ्यांपर्यंत चिखल. त्यानं दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी पुढे झाले आणि तुझ्यावरची चादर बाजूला केली.

इथे मेल्यावरसुद्धा टेर्मीन घ्यावा लागतो, अंत्यविधीची वेळ ठरवून घ्यायची. तुझा मिळेपर्यंत मी तुझ्याच घरात राहिले. तुझ्या उशीला तुझ्या तेलाचा वास होता. फ्रिजमध्ये तू लावलेलं दही होतं, ते मी खाल्लं, आणि मग विरजणाला चमचाभर ठेवायला हवं होतं हे आठवून इतकी रडले की वरून वाल्टर खाली आला. त्याच्या हातात एक पिशवी होती. म्हणाला, ही त्या सकाळची आहे. त्यानं मारलेलं शेवटचं बदक. रुग्णवाहिकेच्या मागे निघण्याआधी मी बांधली, तो बांधायचा तशी. घरी आल्यावर फ्रीजरमध्ये ठेवली होती.

पिशवीवर वाल्टरच्या अक्षरात जागा आणि वेळ होती. मला ती नको होती. पण माझ्यासाठी आणलेली वस्तू तू कधी परत नेलीस का, की मी नाकारावी?

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. बाई म्हणाल्या, आत्ता कशाला? मी म्हटलं, हातांना काम हवंय. बदक विरघळू दिलं, नेहमीसारखं डोकं वेगळं धुवायला घेतलं आणि चोच उघडली. आत जिभेला चिकटलेलं एक पान होतं. काळपट पडलेलं, कडा किंचित कातरलेल्या. चिमट्यानं काढून पांढऱ्या बशीत ठेवलं तर वास आला. बर्फात राहूनही गेला नव्हता. तुळस.

पान उलटलं. शिरेच्या कडेला दोन फुलकिडे.

मी स्टुलावर बसून राहिले. पहिल्यांदा आला तो राग. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी आस्ताला विंचरत होते तेव्हाही ठाऊक होतं, आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली ती तुळस, जिला मी कितीदा पाणी घातलं, जिची पानं इतकी कमी कशी म्हणून तुला हटकलं, ती दोन हातांवर होती. मग मला हसू आलं. मग काय झालं ते तुला सांगत नाही. बाईंनी येऊन दिवा बंद केला आणि मला तुझ्या घरी सोडलं.

मी थेट वर वाल्टरकडे गेले. पान कागदात घालून नेलं होतं, ते त्याच्यासमोर ठेवलं. तो "या", म्हणजे त्यांच्या भाषेत हो, म्हणाला आणि कॉफी करायला उठला. कॉफी होईपर्यंत त्यानं सांगितलं. त्यांच्यात हरीण मारलं की त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास. टोपी काढतात, क्षणभर गप्प उभे राहतात. बदकाला ते देत नाहीत, बदक लहान. पहिल्याच दिवशी तू विचारलं होतंस, याला का नाही? वाल्टर म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. पुढच्या हिवाळ्यापासून तू खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत तुझी पानं आणायला लागलास. आस्तानं पक्षी आणून दिला की ओंजळीत तळ्याचं पाणी घ्यायचास, थेंबभर चोचीत सोडायचास, वर पान ठेवायचास आणि डोळे मिटायचास. मग पिशवीत घालण्याआधी पान काढून घ्यायचास. वाल्टरनं विचारलं, काढतोस कशाला, राहू दे की. तर म्हणालास, माझी बहीण कडक आहे, पिशवीत बाहेरचं काही चालत नाही तिला.

मला सांगितलं असतंस तर मी चिडले असते, हे खरं. पण तू माझ्या चिडण्याला कधी भ्यायचास? तू मला सांगितलं नाहीस, कारण आईच्या देवपूजेची चेष्टा करणारा तू. अकरावीत जानवं खुंटीला टांगलंस ते पुन्हा घातलं नाहीस. तुझ्यापाशी एवढं शिल्लक आहे हे तुला कुणाला दाखवायचं नव्हतं. वाल्टरचं चाललं, कारण त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. टिपण मी पाठवलं नाही, दादा. कॉम्प्युटरमधूनही काढून टाकलं. तेवढ्यापुरतं तू जिंकलास.

मी उठले, तेव्हा वाल्टर म्हणाला, बस, आणखी एक आहे. हॉस्पिटलमध्ये सांगायचं होतं, धीर झाला नाही. मग टेबलाकडे बघत तो बोलला.

"त्यानं त्या पक्ष्याला पान दिलं आणि मग बसला. मी छाती दाबत राहिलो, ते लोक येईपर्यंत. मग त्यांनी केलं. मग थांबले. डबी त्याच्या हाताशीच पडली होती. मी पाणी आणलं आणि पान ठेवलं. तुमच्यात कुणी ठेवायचं असतं मला माहीत नाही. मी तुमच्या धर्माचा नाही. चुकलं असेल तर मला माफ कर."

मी त्याचे हात धरले. त्या हातांना तंबाखूचा वास येत होता. मला जर्मनमध्ये काही सुचेना, म्हणून मी मराठीत बोलले, आणि तो मान हलवत राहिला.

आता आईला सांगायचं होतं. रोज जे ती विचारत होती त्याचं उत्तर माझ्या हातात होतं, पण ते एकटं देता येत नव्हतं. तळ्यावर फिरायला गेलेल्या माणसाच्या खिशात तुळस कशी? वाल्टरला ती तोंडात ठेवायची असते हे कसं कळलं? आई साधी आहे, भोळी नाही. मी अर्धं सांगितलं असतं तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकले असते. आणि सगळं सांगायचं म्हणजे तिच्या नंदूला, मेल्यावर, तिच्यासमोर बंदूक हातात देऊन उभं करायचं. तू असतास तर म्हणाला असतास, पाठवू नकोस. मी या वेळी तुझं ऐकलं नाही.

सगळं सांगितलं. परीक्षा, बंदूक, बदकं, माझ्या उवा, पान. वाल्टरचं सांगायला घेतलं तेवढ्यात तिनं थांबवलं. म्हणाली, "तुळस खिशात घेऊन जीव मारत होता?" मी म्हटलं, हो. "तुझ्यासाठी?" मी म्हटलं, हो. मग मी घाईघाईनं वाल्टरचं सांगून टाकलं, आणि तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. किती दिवस मला तो फोन नकोसा झाला होता, आणि त्या सकाळी मी त्याच्याकडे टक लावून बसले होते. वाटलं, मी एका भावाबरोबर आईही घालवली.

त्याच्या पुढच्या दिवशी आला. रोजचा प्रश्न तिनं विचारला नाही. म्हणाली, त्या गृहस्थांचं नाव काय? मी सांगितलं. "त्यांना सांग, दाढी करायची नाही. गोड खायचं नाही. शेवटचं पाणी ज्यानं घातलं त्याला सुतक असतं, नात्यातला असो नसो." हे कुठल्या शास्त्रात आहे मला ठाऊक नाही. आईला विचारायची माझी छाती नव्हती. मी भीत भीत म्हटलं, आणि आई, ती बदकं? ती म्हणाली, "ते मी वर गेल्यावर त्याच्याशी बघून घेईन."

मी वाल्टरला सांगितलं. मला वाटलं हसेल. त्यानं शाळेतल्या मुलासारखं नीट ऐकून घेतलं, दाढी कधीपर्यंत नाही ते विचारलं, आणि नाताळचा घरात असलेला सुक्या मेव्याचा केक उचलून माझ्या हातात दिला, म्हणाला, मग हा तू घे. मी म्हटलं, मलाही चालत नाही. तो केक आम्ही दोघांनी मिळून शेजारच्या पोरांना दिला. तुझ्या अंत्यविधीला तो पांढरे खुंट वाढलेले गाल घेऊन आला, हातात डहाळी. त्याचे जुने मित्र त्याच्याकडे वळून बघत होते. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

काल गोडाचं जेवण केलं. आईनं फोनवरून एकेक पदार्थ सांगितला: वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, शेवयांची खीर. पुऱ्या माझ्या फुगल्या नाहीत. तू असतास तर त्यांना चकत्या म्हणाला असतास. वाल्टर इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोन मी पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता, त्यात आई बसली होती, पांढऱ्या साडीत, इतकी लहान झालेली. तिनं त्याला नमस्कार केला. त्यानंही हात जोडले, तू शिकवले असणार तसे. मग ती त्याच्याकडे बघत बसली. वाल्टर घास घेईना.

"त्यांना विचार," आई म्हणाली, "तेव्हा जीव होता का त्याच्यात?"

मी म्हटलं, आई, जेवण होऊ दे. ती म्हणाली, आत्ता विचार. मी विचारलं. वाल्टरनं चमचा ठेवला. म्हणाला, नव्हता. डॉक्टर संपलं म्हणाले होते, त्यांनी हातमोजेही काढले होते. ते झाकायला लागले, तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट थांबा. मला माहीत होतं उशीर झालाय. तरी मी घातलं.

मी अनुवाद करत होते, दादा. मध्ये एक शब्द बदलला असता तर दोघांनाही कळलं नसतं. हो, थोडा होता, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं ते. पण मी त्याचं सगळं होतं तसं सांगितलं, हातमोज्यांसकट.

आईनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मी तिथे असते," ती म्हणाली, "तर मीही डॉक्टरांचं ऐकलं नसतं."

वाल्टर माझ्याकडे वळला. त्यानं विचारलं, काय म्हणाल्या त्या? मला जर्मन येतं दादा, तुझ्याहून पुष्कळ बरं येतं. पण ते एक वाक्य त्याला सांगायला मला फार वेळ लागला.